बाबाजीचे चोवीस गडी

लिही गो बाय. बाबाजी धाकू मांडवकर. अख्खं लिही, आडनावासकट.

आमच्या गावाहून खाडी ओलांडली की त्याची वाडी. पण तिकडे असताना मी त्याला एकदाही बघितला नव्हता. इथे सौदीत, ह्या अल-खोबरात, तिसऱ्या मजल्यावर, तुझा बाप त्याला जेवायला घेऊन आला आणि तो दारात उभा राहिला, तेव्हा मी नाकावरून ओळखला. म्हटलं, "तुझी आई बाजाराला सुकी मासळी घेऊन बसायची काय रे? वडाच्या बाजूला?" तो चप्पल हातात धरून उभाच. म्हटलं, "अरे, ठेव ती खाली. इथे कुत्रा नाय पळवायला." तेव्हा हसला. सगळे दात दिसले. त्या दिवसापासून मला काकी म्हणायला लागला.

मी आले नोव्हेंबरात, विझिट विझावर. पोराचं घर चांगलं आहे, सून चांगली आहे, तुझ्याबद्दल तर काय बोलायलाच नको. पण बाय, दिवस कसा जातो ते मला विचार. तू शाळेत, आई तुझी शाळेत शिकवायला, बाप साइटवर. मी आणि तो एसी. खिडकी उघडायची नाय, धूळ येते. दाराला दिवसाढवळ्या तीन कड्या. उघडलं तर समोर दुसऱ्याचं बंद दार. लिफ्टचे आकडे मला येत नाय, आपल्या मजल्याच्या बटणाचा रंग खरवडलाय म्हणून मी बोट ठेवत्ये तरी. जाणार कुठे म्हणा. खाली उतरून रस्ता बघायचा आणि वर यायचं.

म्हणून मी शुक्रवारची वाट बघायची. शुक्रवारी पहाटे आपण गाडीत बसून दम्मामच्या बाहेर त्या मैदानावर जायचो, आठवतंय ना? तू झोपलेली असायचीस मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं टाकून. गवताची काडी नाय, नुसती माती, मध्ये सिमेंटची पट्टी आणि त्यावर चटई. आठ संघ. आपल्या कोकणातले, तुझा बाप त्यांचा कप्तान आणि बाबाजी त्यांचा बॉलर, साताऱ्याकडचे, मुसलमान पोरं रायगड-रत्नागिरीच्या बंदरावरची. ऊन चढायच्या आणि जुम्म्याच्या नमाजाच्या आत खेळ आटपायचा. मी गाडीचं दार उघडं टाकून बसायची. तेवढीच माझी खिडकी.

आणि मी मोजायची.

लग्नाआधी मी आंब्याच्या बागेत पेट्या मोजायला होते. लिहिता येत नव्हतं, तरी बागवाल्याने मलाच बसवलं होतं, कारण माझी मोजणी चुकत नव्हती. पेटी होडीत चढली की एक चिंचोका पदरात. संध्याकाळी गाठ सोडायची, की झालं. इथे येताना तुझ्याशी खेळायला म्हणून मी चिंचोके आणले, तू दोन दिवस खेळलीस आणि "आजी, इट्स बोरिंग" म्हणून टाकलेस. ते मी मैदानावर न्यायला लागले. गडी बाद झाला की एक चिंचोका गाठीत. उजवीकडची गाठ बाबाजीची. डावीकडची शारीकची.

शारीक म्हणजे तो उंच, केस उभे केलेला. नसरुद्दीनभाईंचा भाचा. नसरुद्दीनभाई श्रीवर्धनकडचे, इथे त्यांचं दुकान आहे, मैदानाची परवानगी पण त्यांच्याच नावावर. पोरगा लांबून धावत यायचा आणि बॉल असा टाकायचा की दिसायचाच नाय. दांडी उडाली की कळायचं. येता-जाता "सलाम आजी" म्हणायचा. मला तोही आवडायचा.

पण बाबाजीचं वेगळं. तो धावायचाच नाय. चार पावलं चालायचा, जसं कोणी अंगणात येतं तसं, आणि हात वर करून बॉल सोडायचा. बॉल वर जायचा, थांबायचा, आणि मग पडायचा. बॅटवाला आधीच बॅट फिरवून मोकळा. मी विचारलं त्याला एकदा, "हे कुठे शिकलास रे?" तर सांगितलं त्याने. तो परांचीवाला, इथे स्कॅफोल्डर म्हणतात. त्याच्या पहिल्या साइटवर खालचा माणूस लोखंडी क्लॅम्प वर फेकायचा, आणि वरच्याने तो एका हाताने झेलायचा, दुसऱ्या हाताने पाइपाला धरून. "काकी, जोरात फेकला तर वरच्याचे दात जातात. कमी फेकला तर परत आपल्याच डोक्यावर. तो त्याच्या तळहाताशी जाऊन दमला पाहिजे." आता तसं फेकू देत नाय, दोरीने चढवतात. पण त्याच्या हातात ते राहिलं. दमलेला बॉल.

आता त्याचं दुखणं लिही.

ज्या कंपनीत तो होता तिचं काम संपलं. ऑफिसला कुलूप. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर इथे काम करायचं तो शेट, फोन उचलत नाय. कामगारांच्या कॅम्पात दोनशे माणसं होती, राहिली सात-आठ. पाच वर्षं झाली तो घरी गेला नाय. इथून जायचं तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, चालू पाहिजे आणि पासपोर्ट चालू पाहिजे. कंपनीने कधीतरी तीन महिन्यांचा इकामा काढून दिला, तर पासपोर्टची तारीख संपलेली. तो पासपोर्टच्या मागे धावला, इथे फॉर्म, तिथे फोटो. नवा पासपोर्ट हातात आला त्या आठवड्यात इकामा संपला. एक कागद जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला. दोघं एकदम डोळे उघडतच नाय. लेबर कोर्टात तारीख पडते, तो जातो, पुढची तारीख घेऊन येतो.

आणि मी, बाय? तीन महिने झाले तेव्हा तुझ्या बापाने मला गाडीत घालून बहरीनच्या पुलावर नेलं, शिक्का मारला, परत आणलं. वाटेत मला आइस्क्रीम पण दिलं. मी शुक्रवारी बाबाजीला हे हसत हसत सांगितलं. तो म्हणाला, "पूल कसा आहे हो काकी?" मी म्हटलं, "लांब आहे."

त्याच्याकडे एक प्लास्टिकचा फोल्डर. निळा. जाईल तिथे काखेत. आपल्याकडे आला की फ्रिजवर ठेवायचा, म्हणजे पाणी लागायला नको. एकदा मला उघडून दाखवला. मला वाचता येत नाय म्हणून त्याने बोट ठेवून सांगितलं, "हा इकामा, तारीख गेली. हा पण इकामा, गेली. हा जुना पासपोर्ट, गेला. ही तक्रार, हिच्यावरची तारीख पण उलटली. काकी, ह्याच्यात एक तरी कागद असा पाहिजे ज्याच्यावर माझं नाव आहे आणि तारीख जात नाय." असं म्हणून पहिल्या पाकिटावर हात फिरवला. ते रिकामं होतं. म्हणाला, "हे बेस्ट बॉलरच्या सर्टिफिकेटाला ठेवलंय. मिळालं तर पोरीला फोटो पाठवतो. ती चौथीत होती मी आलो तेव्हा. आता नववीत आहे. मैत्रिणींना काय सांगते माहिती? पप्पा बिझी असतात."

म्हणजे तुला कळलं ना, त्याला काय पाहिजे होतं? ढाल-बिल नको होती. तो कागद.

मार्चात खेळ संपले. दर वर्षी बक्षिसं कोणाला द्यायची ते तिघं मिळून ठरवतात, आणि ह्या वर्षी ते आपल्या घरी बसले. शुक्रवारी, नमाज झाल्यावर. नसरुद्दीनभाई, तुझा बाप, आणि दौलतराव. दौलतराव साताऱ्याकडचे, जुने इलेक्ट्रिशियन, ना ह्या संघाचे ना त्या. स्कोअरची वही त्यांच्याकडे. शारीक पण आलेला मामाबरोबर, कोपऱ्यात मोबाइल घेऊन. बाबाजी बाहेर बसायला तयार होईना. माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरायला बसला. कोंबडी-वडे होते.

बाहेर ज्ञानेश म्हणजे तुझा बाप, त्याचा आवाज. नसरुद्दीनभाईंचा त्याच्या वर.

"बावीस म्हणजे बावीस! ह्याच्यात बोलायचं काय? शारीकचं नाव लिहा, वडे थंड होतात."

"भाई, बावीस घेताना दिल्या किती ते सांगा. षटकाला नऊ! तेवढ्या धावांत माझी आईसुद्धा बावीस घेईल."

"मग काकींना घे संघात. तुमची फिल्डिंग तरी सुधारेल."

मी आतून ओरडले, "गुडघा दुखतो, नायतर आले असते!"

सगळे हसले. बाबाजी हसला नाय. कांदा इतका बारीक चिरत होता की कोशिंबिरीला पण जरा मोठा चिर म्हणावं लागलं असतं.

दौलतराव वही चाळत बोलायचे, हळू, जसं बँकेतला माणूस बोलतो. "बाबाजी एकोणीस. षटकाला साडेचार. शारीकच्या बावीसमध्ये अकरा शेपटाचे आहेत, भाई. नववा, दहावा, अकरावा. बॅट कुठल्या बाजूने धरायची ते विचारून येणारे."

"शेपूट पण सापाचंच असतं, दौलतराव. चावतं."

"चावत नाही. हलतं फक्त."

"आणि फायनल? फायनल कोणी जिंकून दिली?"

"फायनल तुमच्या संघाने जिंकली. त्याचा कप तुम्ही घरी नेला, टीव्हीवर ठेवलात. हे बक्षीस बॉलरचं आहे."

"आणि झेल किती सुटले बाबाजीच्या बॉलिंगवर, ते पण लिहिलंय का?" ज्ञानेशने विचारलं.

"लिहिलंय. सात. त्यातले तीन तू सोडलेस."

शारीक खो-खो हसला. मामा म्हणाले, "तू दात काढू नको, तुझंच चाललंय." शारीक म्हणाला, "मामू, द्या ना बाबाजीभाईंना. मी पुढच्या वर्षी पण आहे." मामा म्हणाले, "बक्षीस काय खजूर आहे, घ्या तुम्ही घ्या म्हणायला? ज्याचं त्याला मिळालं पाहिजे."

माणूस सरळ आहे हो तो. त्याला वाईट लिहू नको.

मी कढईतला वडा उलटायला झारा घेतला आणि मला दौलतरावांचा आवाज आला, "मी तीस वर्षं ही वही लिहितोय. बावीस मोठे की एकोणीस, हे लहान पोर पण सांगेल. पण ह्या हंगामात समोरच्याला कोणाचा बॉल नको वाटत होता, हे विचारलं तर माझ्या मते..." आणि थांबले. चष्मा पुसत असतील.

बाबाजीची सुरी थांबली. मी त्याच्याकडे बघितलं. फ्रिजकडे बघत होता. फोल्डर होता ना वर.

आणि नसरुद्दीनभाई म्हणाले, "पण तीन कमी ते कमीच, दौलतराव. हे कसं पुसणार?"

बाय, तेव्हा मी गप्प बसायला पाहिजे होतं. दौलतरावांचं तोंड उघडलेलं होतं. नाव ओठावर होतं. पण मला ते "कमी" सहन झालं नाय. माझ्या गाठीत कमी नव्हते! मी झारा टाकला, पदर सोडला आणि बाहेर गेले. दोन्ही गाठी त्यांच्या पुढ्यात टेबलावर सोडल्या. चिंचोके खडखड पसरले, एक तर नसरुद्दीनभाईंच्या चहात पडला.

म्हटलं, "मोजा! हे शारीकचे बावीस. बरोबर? आणि हे बाबाजीचे. चोवीस! मी पहिल्या सामन्यापासून बसले आहे. आंब्याच्या पेट्या मोजलेली बाई आहे मी. माझी मोजणी कधी चुकली नाय."

ज्ञानेशचा चेहरा बघितला आणि मला कळलं, काहीतरी वाकडं झालं. तो म्हणाला, "आई, तू आत जा."

"का जाऊ? पहिल्या दोन सामन्यांतले धरलेच नाय तुम्ही. मी स्वतः बघितलेत. त्याने त्या काळ्या टोपीवाल्याला पाडला, तो तर पहिल्याच दिवशी."

दौलतरावांनी वही मागे उलटली. पानांचा आवाज तेवढा. मग म्हणाले, "पहिले दोन सामने बाबाजी खेळलेला नाही. यादीत नाही. तिथे नीलेश आहे. नीलेशने चार काढलेत."

नीलेश म्हणजे त्याच्याच कॅम्पातला पोरगा. मी म्हटलं, "कोण नीलेश? मी बाबाजीला बघितलं."

नसरुद्दीनभाई बोटाने चहातला चिंचोका काढत होते. ते वर न बघताच बोलले, "नीलेश तेव्हा गावाला होता. माझ्या घरची खजुराची पिशवी त्यानेच नेली. ज्ञानेश?"

मला हे सगळं नंतर समजलं. इकाम्याची झेरॉक्स दिल्याशिवाय नाव यादीत चढत नाय, असा त्यांचा नियम. हंगाम सुरू झाला तेव्हा बाबाजीचा इकामा संपलेला. कंपनी म्हणत होती, आठवड्यात करतो. म्हणून ज्ञानेशने दोन सामने त्याला नीलेशच्या नावावर खेळवला. मग तीन महिन्यांचा इकामा आला आणि तो आपल्या नावाने खेळायला लागला. मला कागदावरचं नाव काय ठाऊक? मी माणूस बघते. माझ्या गाठीत माणूस जातो, नाव जात नाय.

ज्ञानेश काय बोलणार तेवढ्यात बाबाजी आतून आला. हातात सुरी, डोळ्यांतून पाणी, कांद्याचं. म्हणाला, "मीच खेळलो, भाई. ज्ञानेश साहेबांचा दोष नाय. मी पाया पडलो त्यांच्या, मला खेळू दे म्हणून."

पाया-बिया काय पडला नव्हता तो. ज्ञानेशने आपण होऊन नाव घातलं होतं. पण ज्ञानेश गप्प राहिला. लिही ते. तुझा बाप आहे तरी लिही.

नसरुद्दीनभाईंनी हात पुसले. "बाबाजी, तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण ग्राउंडची परवानगी माझ्या इकाम्यावर आहे. आठ संघांच्या याद्या माझ्या सहीने जातात. उद्या कोणी येऊन म्हणाला, ह्या नावाचा माणूस दाखव, तर मी कोणाला दाखवू? माझी चार पोरं इथल्या शाळेत आहेत."

"बरोबर आहे भाई."

"नियम तुला माहीत होता."

"होता भाई."

"दुसऱ्याच्या नावाने खेळला तर पूर्ण हंगाम बाद. हे एकोणीस पण गेले."

"गेले भाई. खलास." असं म्हणून तो सुरी बघायला लागला, जशी ती कुठून आली त्याला आठवत नाय.

दौलतरावांनी पेनाने काहीतरी लिहिलं. एक रेघ ओढली, ती मला कळली. रेघ कळायला शाळा लागत नाय.

मग जेवलो. हो, जेवलो! घरी आलेला माणूस उपाशी कसा पाठवायचा? बाबाजीनेच वाढलं सगळ्यांना. नसरुद्दीनभाईंच्या ताटात दोन वडे जास्त टाकले त्याने. ते म्हणाले, "बस, बस," आणि ताट हाताने झाकलं. शारीकने अर्धा वडा टाकला. जाताना बाबाजीने फ्रिजवरचा फोल्डर घेतला आणि मला म्हणाला, "वडे मस्त होते काकी." खाल्ला एक पण नव्हता.

आपल्या संघाचे त्या दोन सामन्यांचे गुण पण कापले. तिसरा नंबर गेला. संघातली पोरं फोनवर ज्ञानेशला बोलली, ज्ञानेश मला बोलला. "आई, तुला कोणी विचारलं होतं?" नुसतं एवढंच. मग दोन दिवस काही नाय. आणि मी इथे, तीन कड्यांच्या आत, ह्या जिभेबरोबर. गावाला असते तर चुलीपुढनं उठून शेजारी गेले असते, रडले असते, शेजारणीने शिव्या घातल्या असत्या, मोकळी झाले असते. इथे कोणाकडे जाऊ? बाजूच्या दारात कोण राहतं ते मला आजपर्यंत माहीत नाय. एसीकडे बघून बोलायची मी. दौलतराव बोलणार होते, दौलतराव नाव घेणार होते, रोज तेच.

बक्षिसाच्या दिवशी शारीकचा मोठा फोटो लावला. शारीकचा काय दोष? बावीस गडी त्याने खरेच काढले. तो गाडीपाशी आला, म्हणाला, "आजी, बाबाजीभाई नाय आले?" मी म्हटलं, "नाय रे." इकामा परत संपला होता त्याचा. रस्त्यात तपासणी असते, विनाकारण कशाला बाहेर पडेल? आधी यायचा तो खेळासाठी जीव मुठीत धरून यायचा. आता खेळ पण नाय.

दोन शुक्रवार गेले. तिसऱ्याला मी घावणे केले, डब्यात भरले, आणि दारात चप्पल घालून बसले. ज्ञानेश म्हणाला, "कुठे?" म्हटलं, "कॅम्पावर. तू नेलं नायस तर मी टॅक्सी करत्ये." मला टॅक्सीला हाक कशी मारायची ते पण येत नाय. पण तो उठला. तू पण आलीस बरोबर.

तू बघितलंस ना ते? पत्र्याच्या खोल्या ओळीने, आणि सगळ्या बंद. एका दोरीवर तीन शर्ट. फाटकावर एक नेपाळी माणूस, त्याने नाव पण विचारलं नाय. आत कोणी येत नाय आणि बाहेर कोणी जात नाय तर विचारणार काय? बाबाजी मागच्या बाजूला होता. एक पिंप आडवं टाकून त्याच्या तोंडात बॉल टाकत होता. चार पावलं, हात वर. बॉल वर जायचा, थांबायचा, पिंपात पडायचा. मग चालत जाऊन काढायचा. परत चार पावलं.

आम्हाला बघितल्यावर पळत खोलीत गेला, शर्ट घालून आला. खुर्ची एकच होती, मला दिली.

मी म्हटलं, "बाबाजी, माझी जीभ झडली पाहिजे होती."

"असं नका बोलू काकी."

"मी गप्प बसले असते तर..."

तो माझ्या पायाशी बसला. आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, जसं पोर खाऊचं विचारतं, "काकी, दौलतराव माझंच नाव घेणार होते ना? तुम्ही ऐकलंत ना?"

"तुझंच. तोंड उघडलं होतं त्यांनी."

"मला पण तसंच वाटलं." मान हलवली.

कागद मी कुठून आणू? मी पदराची गाठ सोडली आणि त्याचे चिंचोके त्याच्या हातात ठेवले. म्हटलं, "माझ्याकडे हेच आहे. चोवीस. ह्याच्यावर रेघ नाय मारता येत कोणाला."

त्याने ते जमिनीवर मांडले. सहा-सहाच्या ओळी. आणि एकेकावर बोट ठेवून सांगायला लागला, हा काळ्या टोपीवाला, हा तो डावखुरा, हा उंच उडवला आणि ज्ञानेश साहेबांनी कसा काय कोण जाणे पकडला. तेव्हा ज्ञानेश हसला. किती दिवसांनी. सगळे आठवत होते त्याला! शेवटच्या ओळीत एकापाशी थांबला. विचार केला. मग तो चिंचोका उचलून मला परत दिला.

"हा माझा नाय, काकी."

"कसा नाय? मी बघितला."

"बॉल माझा होता, पण गडी धावताना पडला. बाहेरनं फेकून दांडी उडवली. तो रनआउट. बॉलरचा नाय धरत."

बघ गो. आंब्याच्या पेट्या मोजलेली मी. सगळ्यांसमोर छाती ठोकून चोवीस म्हटलं. आणि ज्याला एक जास्त असता तर चाललं असतं, त्यानेच परत दिला. "तेवीसच," म्हणाला. "दौलतरावांच्या वहीत पण तेवीसच आहेत. एकोणीस आणि चार." मग थोड्या वेळाने, "तरी बावीसपेक्षा जास्तच की हो."

खोलीतून तो निळा फोल्डर आणला. पहिल्या रिकाम्या पाकिटात तेवीस चिंचोके ओतले. फोल्डर बंद होईना, मध्ये टेंगूळ आलं. त्याने त्याला रबर लावलं.

निघताना मी विचारलं, "तुझं लिहून ठेवलं तर चालेल का रे? नातीला सांगत्ये. ती लिहील."

म्हणाला, "लिहा की. आता लपवायला काय उरलंय? पण तेवीस लिहा हं काकी."

फाटकापर्यंत सोडायला आला. फाटक उघडंच होतं. तो आत थांबला, आपली गाडी बाहेर आली. तू मागच्या काचेतून हात हलवत होतीस. तो पण हलवत होता, क्लॅम्प फेकायचा तोच हात.

पुढच्या गुरुवारी माझं विमान. माझी बॅग भरून झाली, वजन पण करून झालं. तो एक चिंचोका माझ्या गाठीत आहे, तो मी खाडीपलीकडे नेत्ये, त्याच्या पोरीकडे. तिला सांगेन, हा तुझ्या बापाने परत दिलेला. बाकीचे त्याच्याकडे आहेत. तो कधी येईल विचारलं तर काय सांगू, ते मला अजून सुचत नाय.

वर काय लिहिलंस? चोवीस? राहू दे, माझी चूक माझ्या नावावर राहू दे. खाली त्याचं नाव परत एकदा लिही. बाबाजी धाकू मांडवकर, तेवीस गडी.

आणि बाय, तारीख घालू नको कुठे.